दस्तगीर आर्ट्स, मिरज

ढालगावच्या माळावर, पवनचक्क्यांच्या पायथ्याला,
अमेरिकन पद्धतीचं विद्यापीठ आलं
आणि मागोमाग सरकारी पत्र:
पाटी मराठीतही पाहिजे.
फ्लेक्सवाले सांगलीत पैशाला पासरी,
पण डीन मॅडमना हातची अक्षरं हवी होती.
मिरजेच्या बाजारात एका टेम्पोच्या पाठीवर
माझा ‘ळ’ बघून थांबल्या होत्या म्हणे.
वाचता येत नव्हता त्यांना. तरी थांबल्या.

एम-एटीला डबे बांधून निघालो.
गेटवर बिरू हाक्के, खाकीत.
याच माळावर मेंढरं राखायचा,
आता हिरवळ राखतो.
‘पाय नका देऊ दस्तगीरभाई,
टँकरचं पाणी पितंय हे गवात.’

खिडकीतनं वर्ग बघितला.
खुर्च्या गोल मांडलेल्या,
म्हणजे शेवटचा बाकच नाही.
मग माझ्यासारख्यानं बसायचं कुठं?
एक पोरगं सरांना नावानं हाक मारून म्हणालं,
मला नाही पटत.
मी कानाला हात लावला.
सर मात्र खूष होऊन
त्याचंच वाक्य फळ्यावर लिहीत होते.

पत्रा घासला, पांढरा हात मारला,
वाळल्यावर दोरीला खडू लावून रेघा ओढल्या
आणि विचारलं: काय लिहू?

तिथं घोडं अडलं.
लिबरल आर्ट्सला मराठीत काय म्हणायचं
यावर तिघं प्राध्यापक आणि एक रजिस्ट्रार
उन्हात उभे राहून भांडले.
मुक्त कला? नको,
मुक्त म्हटलं की पोस्टानं शिकवल्यासारखं वाटतं.
सर्वांगीण? नको, योगासनांचा वर्ग वाटेल.
उदार, रजिस्ट्रार म्हणाले, उदार कला.
मी खडू टेकवला
आणि हात सवयीनं वळला.
द च्या जागी ध.

छत्तीस वर्षं हा शब्द लिहितोय मी.
किराणा, पानपट्टी, खताचं दुकान, सलून.
उधार मागून लाजवू नये.
ध चं डोकं उघडं ठेवावं लागतं,
नाहीतर घ होतो, आणि गिऱ्हाईक हसतं.

पायरीवरची पोरगी खो खो हसली.
तेजल भोकरे, तासगावची.
‘राहू द्या काका, बरोबरच आहे.
माझी दोन वर्षं स्कॉलरशिपवर,
पुढची दोन जिल्हा बँकेवर.’
मग म्हणाली, तुम्ही काय शिकलाय?
म्हटलं, आर्ट्सच. अकरावीपर्यंत.
सायन्सला नंबर न लागलेले
सगळे तिकडंच ढकलायचे.
‘आमच्यात खगोलशास्त्र आणि संगीत
एकत्र घेता येतं.’
म्हटलं, आमच्या मिरजेत
भोपळा आणि संगीत एकत्र घेतात.
तिनं ते वहीत लिहून घेतलं.
मी गंमत केली होती.

साडेतीनला निर्णय झाला.
भाषांतर नको. आहे तसंच, देवनागरीत.

म्हणजे दोन तास ज्याच्यापायी गेले
त्यातला अर्धा शब्द
माझ्या दुकानावर होता, अठ्ठ्याऐंशी सालापासून,
पिवळ्यावर लाल.
तोंडपाठ असतं तसा हातपाठ.
आर्ट्सचा रफार एका श्वासात दिला.
लिबरल पहिल्यांदाच लिहीत होतो,
तिथं ब्रश दोनदा पुसला.

माळाचं वारं. ओल्या रंगावर धूळ बसली
आणि ब च्या पोटात
खारीच्या शेपटीचा एक केस अडकला.
काढला असता तर अक्षर फाटलं असतं.

बिल दिलं. अकाउंटवाला गोड हसला:
काका, पंचेचाळीस दिवस लागतात.
प्रोसेस असते.

त्याला आता दोन महिने झाले.
परवा बिरूचा फोन आला होता, मेंढराच्या औषधाबद्दल.
ठेवता ठेवता म्हणाला,
उन्हं कलली की लिबरलच्या मागं
अजून तुमचा खडू दिसतोय.